अब्बांची फाईल

(हे संगणकाची हौस असलेल्या एका माणसाचे अनुभवकथन आहे. संगणकाच्या निरनिराळ्या कार्यप्रणालींविषयी त्याची मते कशी बनली, हे त्याने येथे आपल्या भाच्याला सांगितलेल्या हकीकतीतून मांडले आहे.)

"मामू, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यांत चांगली?"

दहावीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने मला हा प्रश्न विचारला. त्याला संगणक घ्यायचा होता. गेली तीस वर्षे मी संगणकांच्या संगतीत आहे, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. माझ्या खोलीत जुन्या संगणकांचे तीन सांगाडे कायम पडलेले असतात आणि त्यावरून मला बोलणीही खावी लागतात. भाच्याला वाटले, मामू एका शब्दात उत्तर देतील. मला तसे उत्तर देता येईना. मी कपाट उघडले आणि एक काळी, चौकोनी, चपटी वस्तू काढून त्याच्या हातावर ठेवली.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. "अरे, हे तर फाईल सेव्ह करायचे चित्र आहे!" तो म्हणाला.

"चित्र नाही, ही खरीखुरी फ्लॉपी आहे. ते चित्र हिच्यावरून काढलेले आहे. हिच्यात तुझ्या नानांनी लिहिलेली चाळीस पाने आहेत. दहा वर्षे ती कोणालाच वाचता आली नाहीत. तुझ्या प्रश्नाचे उत्तर या पानांत आहे. ऐकतोस का?"

तो ऐकायला बसला. मुलांनो, त्याला जे सांगितले तेच तुम्हांलाही सांगतो.

संगणक म्हणजे नुसते यंत्र. तुम्ही कळफलकावरची कळ दाबता आणि पडद्यावर अक्षर उमटते. पण कळफलकाची आणि पडद्याची एकमेकांशी ओळख नसते. दोघांना कामाला लावणारा मध्ये एक कारभारी लागतो. फाईल कोठे ठेवायची, कागद छापायला कधी पाठवायचा, एकाच वेळी दोन कामे आली तर आधी कोणाला वेळ द्यायचा, हे सर्व तो ठरवतो. या कारभाऱ्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. पत्र लिहिण्याचे, हिशेबाचे, चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर या कारभाऱ्याच्या हाताखाली काम करते.

मी पहिला कारभारी पाहिला तो १९९४ साली. मालेगावात एका संगणकवर्गात मी नाव घातले होते. वर्गाच्या दाराबाहेर चपला काढून ठेवाव्या लागत. आत एकच वातानुकूलित खोली, चार संगणक आणि आम्ही सोळा मुले. पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरे. चित्रे नाहीत, माऊस नाही. ती एमएस-डॉस नावाची कार्यप्रणाली होती. १९८१ साली आयबीएम कंपनीच्या लहान संगणकाबरोबर ती बाजारात आली आणि जगभर पसरली. तिला प्रत्येक आज्ञा नेमक्या शब्दांत द्यावी लागे. एखादे अक्षर चुकले, तर आज्ञा चुकीची आहे एवढेच सांगून ती गप्प बसे. काय चुकले ते सांगत नसे. आमच्या गणिताच्या मास्तरांची आठवण व्हावी असा तिचा स्वभाव होता.

मग विंडोज आली. मायक्रोसॉफ्टने पहिली विंडोज १९८५ साली काढली असली, तरी तिचा खरा बोलबाला झाला तो 'विंडोज ९५'मुळे. पडद्यावर खिडक्या, चित्रे आणि माऊस ही कल्पना मात्र मायक्रोसॉफ्टची नव्हती. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत १९७३ साली असा संगणक चालत होता, आणि १९८४ साली ॲपल कंपनीने 'मॅकिंटॉश' काढून ती कल्पना लोकांच्या टेबलावर आणली. मॅकिंटॉश देखणा होता. पण त्याची प्रणाली ॲपलच्याच महागड्या यंत्रासाठी असे. विंडोज मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या स्वस्त संगणकावरही चाले. आमच्यासारख्यांच्या घरी संगणक आला तो यामुळे. विंडोजला सतत नावे ठेवणारे हौशी लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. मला ते पटत नाही. ज्या शिडीने आपण वर आलो, तिला एवढी लाथ मारू नये.

आता अब्बांकडे वळतो.

माझे अब्बा कातिब होते. उर्दू पुस्तके आणि वर्तमानपत्रे पूर्वी खिळ्यांनी जुळवत नसत. नस्तालीक लिपीत अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर बसतात, उजवीकडून डावीकडे उतरत जातात. त्यांचे सुटे खिळे पाडणे फार कठीण. म्हणून कातिब सबंध पान हाताने लिहीत आणि त्यावरून छपाई होई. अब्बांच्या बैठकीसमोर दौत, शाई, कागद आणि कलम असे. हे चारही शब्द मराठीने उर्दूप्रमाणेच आपले मानले आहेत. फक्त कातिबाच्या वेताच्या लेखणीला मराठीत एक वेगळा शब्द आहे : बोरू. बोरूचे टोक कागदावर टेकवले की जो चौकोनी ठिपका पडतो, तो नुक्ता. अलिफ किती नुक्ते उंच, बेचे पोट किती नुक्ते लांब, याचे ठरलेले माप असते. अब्बांना ते माप मोजावे लागत नसे. त्यांचा हातच मोजत असे.

१९९६ साली अब्बांच्या छापखान्यात संगणक आला. त्याच्यावर विंडोज होती आणि उर्दू लिहिण्याचे एक सॉफ्टवेअर होते. सॉफ्टवेअरबरोबर एक छोटी डबीही आली. संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची तार लावतात त्या जागी ती बसवावी लागे. डबी काढली की सॉफ्टवेअर चालत नसे. कोणी फुकट नक्कल करू नये म्हणून कंपनीने केलेली ही सोय होती. मालक त्या डबीला 'किल्ली' म्हणत आणि रात्री ती गल्ल्यात ठेवून कुलूप लावत.

पहिले पान छापून आले, तेव्हा अब्बांनी ते उजेडात धरून बराच वेळ पाहिले. "बे एक नुक्ता लांब आहे," एवढेच ते म्हणाले. त्यांना हेही ठाऊक होते, की संगणकातले नस्तालीक काही यंत्राने निर्माण केले नव्हते. पाकिस्तानातले मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांचे हजारो जोड-आकार स्वतःच्या हाताने लिहिले आणि त्यांवरून १९८१ साली 'नूरी नस्तालीक' हा संगणकाचा टंक तयार झाला. एका कातिबाच्या हाताने हजारो कातिबांचे काम थांबावे, याचे अब्बांना वाईट वाटे. पण त्या हाताचे कौतुकही ते तितकेच करीत.

दोन वर्षांत छापखान्यातील पाच कातिबांचे काम सुटले. अब्बांना मालकांनी मुद्रिते तपासायला ठेवून घेतले. पन्नाशी उलटलेले अब्बा मग एका बोटाने टंकलेखन शिकले. संध्याकाळी काम संपले, की मालकांच्या परवानगीने ते त्याच संगणकावर आपल्या कलेविषयी लिहीत. बोरू कसा निवडावा, टोक कसे कापावे, शाई कशी घोटावी, उस्तादांनी कोणत्या चुकीसाठी कान पिळला, असे सारे. मालेगावात वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. एकदा दोन पाने अशीच गेली. तेव्हापासून प्रत्येक ओळ झाली, की ते फाईल साठवून ठेवत आणि घरी निघताना तिची नक्कल या फ्लॉपीवर घेत.

२००३ साली छापखाना बंद पडला. संगणक भंगारात गेला. किल्ली कोणाकडे गेली, ते कळले नाही. पुढच्या वर्षी अब्बा वारले.

२००५ साली मी फ्लॉपीवरची फाईल माझ्या संगणकात उतरवून घेतली. फाईल शाबूत होती. उघडल्यावर मात्र पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हे आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. असे का व्हावे?

संगणक अक्षरे ओळखत नाही. तो आकडे ओळखतो. अलिफसाठी कोणता आकडा आणि बेसाठी कोणता, याचा एक तक्ता लागतो. पूर्वी प्रत्येक सॉफ्टवेअरचा तक्ता निराळा असे, आणि बऱ्याच कंपन्या तो कोणाला दाखवत नसत. उर्दूचीच ही गोष्ट नव्हे. मराठीतही एका टंकात लिहिलेली बातमी दुसऱ्या संगणकावर निरर्थक दिसे. यावर उपाय म्हणून जगातील लिप्यांसाठी एकच उघडा तक्ता करण्याचे काम सुरू झाले. त्याचे नाव युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात अलिफचा आकडा १५७५ आहे, अरबीत नसलेल्या उर्दू टेचा १६५७, मराठी कचा २३२५ आणि आपल्या मराठी ळचा २३५५. पुढे विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांनीही हा तक्ता स्वीकारला. म्हणून आज तुम्ही मालेगावातून पाठवलेला मराठी निरोप लंडनमध्ये जसाच्या तसा दिसतो. अब्बांची फाईल मात्र जुन्या, झाकलेल्या तक्त्याची होती.

मी खूप चिडलो. मजकूर अब्बांचा, श्रम अब्बांचे, फ्लॉपी आमच्या पैशांची. आणि वाचायची परवानगी एका हरवलेल्या डबीकडे! त्याच दिवसांत रिचर्ड स्टॉलमन यांची हकीकत माझ्या वाचनात आली. १९८० च्या सुमारास ते अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करत. तेथील प्रिंटरमध्ये कागद अडकत असे. जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी एक सुधारणा केली होती : कागद अडकला, की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जाई. मग झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. त्यातही कागद अडके, पण त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कंपनीने दिलेला नव्हता. ज्या एका संशोधकाकडे तो होता, त्याने गुप्ततेचा करार केलेला असल्याने द्यायला नकार दिला. दुरुस्ती करता येत होती, तरी करू दिली जात नव्हती. ही गोष्ट स्टॉलमन विसरले नाहीत. सॉफ्टवेअर वापरण्याची, ते कसे चालते हे पाहण्याची, त्यात बदल करण्याची आणि ते दुसऱ्याला देण्याची मोकळीक प्रत्येकाला असावी, असे त्यांचे म्हणणे. १९८३ साली त्यांनी 'ग्नू' नावाची मोकळी कार्यप्रणाली बनवण्याचा संकल्प जाहीर केला.

त्या प्रणालीचे बहुतेक भाग तयार झाले, पण गाभा रेंगाळला. तो आला फिनलंडमधून. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या मुलाने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केले, की आपण हौस म्हणून एक छोटी कार्यप्रणाली लिहीत आहोत. तीच लिनक्स. पुढच्या वर्षी त्याने ती स्टॉलमन यांच्याच मोकळ्या परवान्याखाली सर्वांना दिली आणि देशोदेशीचे लोक तिच्यात भर घालू लागले. तुमच्या घरच्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी निघते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या यादीतील एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो.

"मग तुम्ही लगेच लिनक्स घेतली असेल!" भाचा म्हणाला.

लगेच नाही. त्या काळी आमच्याकडील इंटरनेट इतके मंद होते, की एवढी मोठी फाईल उतरवायला दिवस लागत. पण उबुंटू नावाची लिनक्स काढणारे लोक मागेल त्याला फुकट सीडी पाठवत. मी पत्ता लिहून पाठवला आणि विसरून गेलो. २००६ साली एके दिवशी पोस्टमन परदेशातून आलेले पाकीट घेऊन दारात उभा! अम्मीला वाटले, मी काहीतरी मागवले असून आता पैसे भरावे लागणार. तिचा विश्वास बसेना, की कोणी समुद्रापलीकडून काही फुकट पाठवते.

ती सीडी संगणकात घालून चालू केली, की जुन्या प्रणालीला धक्का न लावता नवी पाहता येई. मी आनंदाने नाचायचा राहिलो होतो. मात्र खरे सांगायचे, तर पहिला महिना हालाचा गेला. आवाज येईना. प्रिंटर बोलेना. उर्दू दिसे, पण नस्तालीकमध्ये नव्हे, तर अरबी पुस्तकांसारख्या सरळ नस्खमध्ये. अब्बांनी पाहिले असते, तर दुसऱ्या खोलीत निघून गेले असते. विंडोजच्या बाबतीत दुकानदार अर्ध्या तासात दुरुस्ती करून देई. लिनक्सचे नाव काढले, की तो हात झटकून मोकळा होई. हौशी माणसे या अडचणी सांगत नाहीत आणि मग ऐकणाऱ्याचा भ्रमनिरास होतो. हळूहळू या गोष्टी सुधारल्या. विंडोज ८ बरोबर २०१२ साली उर्दूचा नस्तालीक टंक आला आणि २०१४ साली गुगलने एक मोकळा नस्तालीक टंक सर्वांसाठी दिला, तो लिनक्सवरही चालतो.

इतक्या वर्षांनंतर माझे मत असे आहे. चित्रफीत जुळवणे, छपाईची सजावट करणे हा ज्याचा धंदा आहे आणि ज्याच्याकडे पैसा आहे, त्याने मॅक जरूर घ्यावा. ज्याच्या कचेरीत सर्व जण विंडोजवर काम करतात, त्याने विंडोज वापरण्यात काही गैर नाही. पण कंपनीने बनवलेली प्रणाली किती दिवस सांभाळायची, हे कंपनीच ठरवते, हे विसरू नये. विंडोज एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि पुढची विंडोज ११ बऱ्याच जुन्या संगणकांना अधिकृतपणे चालत नाही. यंत्र धडधाकट, पण कारभारी निवृत्त! असे दोन संगणक मी एका मदरशाला लिनक्स घालून दिले. ते व्यवस्थित चालत आहेत. केरळमध्ये तर सरकारी शाळांतील मुले लिनक्सवरच संगणक शिकतात.

आणि कार्यप्रणाली कोणतीही असो, लिहिताना मी युनिकोडमध्येच लिहितो आणि फाईल अशा रीतीने साठवतो, की तिची रचना सर्वांना माहीत आहे. लिब्रेऑफिससारखे मोकळे सॉफ्टवेअर विंडोजवरही चालते, मॅकवरही चालते. ते वापरायला प्रणाली बदलावी लागत नाही. कार्यप्रणालीवरून तावातावाने भांडणाऱ्या माझ्या मित्रांपैकी निम्मे लोक आपल्या फाईलींकडे कधी पाहतच नाहीत.

"पण नानांची फाईल?" भाच्याचे सारे लक्ष त्या फ्लॉपीकडेच होते.

ती २०१४ साली उघडली. त्या जुन्या सॉफ्टवेअरची फाईल कशी रचलेली असते, हे कोणा अनोळखी माणसाने चिकाटीने शोधून काढले होते. एक अक्षर लिहायचे, फाईल साठवायची, आत कोणता आकडा बदलला ते पाहायचे. पुन्हा दुसरे अक्षर. असे करत करत त्याने झाकलेला तक्ता उलगडला आणि जुन्या मजकुराचे युनिकोड करणारी छोटी आज्ञावली लिहून सोर्स कोडसह सर्वांना मोकळी दिली. मी अब्बांची फाईल तिच्यात घातली. क्षणभर काहीच झाले नाही. मग पडद्याच्या उजव्या कडेकडून ओळी उतरू लागल्या.

सर्व काही नीट आले नव्हते. हमजा गळाले होते, काही ठिकाणी 'ये' दोनदा आला होता. तुझी अम्मी आणि मी तीन आठवडे रोज रात्री बसून एक-एक शब्द दुरुस्त केला. तिला अब्बांची बोलण्याची ढब माझ्यापेक्षा जास्त आठवत होती. पाने छापली. मी त्यांची बांधीव वही केली.

भाच्याने ती वही मागून घेतली. त्याच्या नव्या संगणकावर आता विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. चालू करताना कोणती हवी ते निवडता येते. त्या दिवशी मात्र तो संगणक विसरून वहीच वाचत बसला होता. शेवटच्या पानावर बोरूचे टोक कापण्याविषयी लिहिले आहे. सुरी कशी धरावी, अंगठा कोठे असावा, असे सांगता सांगता वाक्य मध्येच थांबते. भाच्याने ते दोनदा वाचले.

"मामू, पुढे?"

"पुढे नाही. त्या संध्याकाळी वीज गेली असावी."

स्वाध्याय

१. कातिब अक्षरांचे माप कसे घेत?
२. अब्बांची फाईल शाबूत असूनही लेखकाला ती का वाचता आली नाही?
३. लेखकाने लिनक्सच्या कोणत्या अडचणी सांगितल्या आहेत?
४. दौत, शाई, कागद, कलम हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. या पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि वाक्यांत वापरा.
५. तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या जुन्या व्यवसायाविषयी माहिती विचारा आणि दहा ओळी लिहा.